अक्काची नागरिकशास्त्राची परीक्षा

२०२५ सालच्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत आमच्या घरी रोज सकाळी साडेसहाला शाळा भरत असे. दूधवाला येऊन गेला की मी चष्मा शोधून स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायची, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि पलीकडं अक्का दिसायची. तिच्याकडं रात्रीचे नऊ. न्यू जर्सीत मुलाच्या घरी जेवणखाण आटपून, भांडी मशीनला लावून, नातीची जुनी शंभरपानी वही घेऊन ती बसलेली असायची. वय वर्षं एकोणसत्तर. परीक्षा अमेरिकेच्या नागरिकत्वाची.

या सदरात मी सहसा परदेशच्या गोष्टी लिहीत नाही. आपल्याकडं लिहिण्यासारखं काय कमी आहे? पण अक्काची ही परीक्षा ऐकून गेल्या काही आठवड्यांत चार घरांतून विचारणा झाली. आपल्या भागातली एक पिढी हैदराबाद-बंगळूरकडून पुढं अमेरिकेत, कॅनडात गेली. आता मागं राहिलेले आईबाप त्यांच्याकडं जायला लागलेत. तेव्हा लिहायचं ठरवलं.

मी तीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. त्यामुळं अक्काला शिकवायचं काम माझं, हे घरात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. भाच्याचा फोन आला, "मावशी, माझ्याच्यानं होत नाही. मी शिकवायला बसलो की अव्वा चिडते, मग मी पण चिडतो. तू घे की जरा."

आता तुम्ही म्हणाल, एकोणसत्तराव्या वर्षी या बाईला अमेरिकेची नागरिक कशाला व्हायचंय? मलाही हाच प्रश्न पडला होता. खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता. पण कारण कळल्यावर मी गप्प बसले. अक्काला अमेरिकेची नागरिक व्हायचं होतं ते बेळगावात येऊन राहता यावं म्हणून.

ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब सरळ आहे. २०१७ साली धारवाडला भावजी गेले. एकुलता एक मुलगा तिकडं, तिथला नागरिक झालेला. त्यानं आईसाठी अर्ज केला आणि २०१९ मध्ये अक्काला ग्रीन कार्ड मिळालं. हे कार्ड म्हणजे कायम राहण्याचा परवाना. पण त्या 'कायम'चा अर्थ असा, की तुम्ही खरोखर तिथंच राहायला हवं. परवानगीचा कागद न घेता वर्षभर बाहेर राहिलात तर कार्ड सोडून दिलं असं धरतात. नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर पाच वर्षं कार्डावर राहायचं, त्यातले निदान तीस महिने प्रत्यक्ष त्या भूमीवर काढायचे. आणि मधे एका खेपेला सहा महिन्यांवर बाहेर राहिलात तर मोजणीच तुटण्याची भीती. म्हणून अक्का आली की येतानाच तिचं परतीचं तिकीट ठरलेलं असायचं आणि आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारखा खोडत असायची.

२०२३ मध्ये ती जानेवारीत आली. दादा तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. जून उजाडला, साडेपाच महिने होत आले. दादा आज जाईल की सहा महिन्यांनी, कुणी सांगावं? अक्का गेली. ती गेल्यावर अकराव्या दिवशी दादा गेला. बारावा-तेरावा तिनं फोनवर पाहिला. आमचा पुतण्या मोबाईल धरून उभा होता आणि हात अवघडला की मधेच सगळं आडवं दिसायचं.

त्या वेळी मी तिला म्हटलं होतं, "टाकून दे ते कार्ड आणि ये कायमची."

"आणि पोरगा? ती पोर?" ती म्हणाली. "दोन्हीकडं पाय आहेत गं माझे. एक उचलून कुठं टाकू?"

नागरिक झालं की मात्र कितीही दिवस बाहेर राहता येतं. आणि भारत सरकार आपल्या जुन्या लोकांना ओसीआय कार्ड देतं, त्यावर जन्मभर केव्हाही यावं, कितीही राहावं. पण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम असं आहे, की आपखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. म्हणजे भारतात मनासारखं राहायचं तर भारताचं नागरिकत्व सोडायचं. असा हा उलटा रस्ता.

आता परीक्षेकडं येऊ. अमेरिकेतल्या या परीक्षेचे दोन भाग. एक इंग्रजीचा, दुसरा तिथल्या इतिहास-नागरिकशास्त्राचा. सगळी परीक्षा एका खोलीत, एका अधिकाऱ्यासमोर. नागरिकशास्त्राचे प्रश्न आधीच छापून दिलेले असतात, उत्तरांसकट. अक्कानं अर्ज एप्रिलमध्ये भरला म्हणून तिला जुनी पद्धत लागू झाली: शंभर प्रश्न पाठ करायचे, त्यातले दहापर्यंत विचारतात, सहा बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांचे अर्ज गेले त्यांना प्रश्न १२८, विचारणार वीसपर्यंत, बरोबर हवेत बारा. अशीच १२८ प्रश्नांची पद्धत २०२० च्या डिसेंबरात आणली होती आणि पुढच्याच वर्षी मागं घेतली होती. सरकारं बदलतात तसे पेपर बदलतात, हे काही आपल्याला नवीन नाही.

म्हाताऱ्या माणसांना सवलत आहे, पण ती नुसत्या वयावर नाही. पन्नाशी ओलांडली आणि ग्रीन कार्डावर वीस वर्षं झाली, किंवा पंचावन्न ओलांडली आणि पंधरा वर्षं झाली, तर इंग्रजी माफ. नागरिकशास्त्र आपल्या भाषेत, दुभाषा घेऊन द्यायचं. पासष्टच्या वर वय आणि वीस वर्षं वास्तव्य असेल तर वीसच प्रश्न अभ्यासायचे. अक्काचं वय भरलं होतं, वर्षं भरली नव्हती. उतारवयात मुलाकडं गेलेल्या आईला सवलत मिळायची तर ती ऐंशीच्या पुढं गेलेली असणार! कॅनडात बरं आहे. तिथं पंचावन्नच्या पुढं ही परीक्षाच नाही.

तर अक्काला इंग्रजी आलंच पाहिजे होतं. अक्का मराठी शाळेतून एसएसएलसी झालेली. लग्न होऊन धारवाडला गेली तेव्हा कन्नड तोडकंमोडकं. ते सासूबाईंनी भाकरी थापता थापता शिकवलं आणि दोन वर्षांत ती भांडायला लागली इतकं चांगलं शिकवलं. पण ती विशीत शिकलेली भाषा. ही तिसरी, सत्तरीच्या तोंडाशी.

नागरिकशास्त्रात मात्र आम्हा दोघींना मजा यायला लागली. पहिल्याच आठवड्यात प्रश्न आला: युरोपातले लोक यायच्या आधी अमेरिकेत कोण राहत होतं? उत्तर छापलंय, अमेरिकन इंडियन्स. अक्कानं चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे आपण?" मग कोलंबसाची सगळी गोष्ट सांगावी लागली, तो निघाला होता आपल्याकडं यायला आणि पोचला तिकडं. "बघ," अक्का म्हणाली, "त्याचा पत्ता चुकला आणि नाव त्या बिचाऱ्यांना चिकटलं."

वसाहतींतले लोक इंग्रजांशी का लढले? जबर कर, घरात घुसून राहणारं सैन्य, कारभारात आपला माणूस नाही. हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. कित्तूर इथून कितीसं दूर? "आमच्या चेन्नम्मानं १८२४ ला केलं तेच," ती म्हणाली, "ह्यांनी कधी केलं?" मी म्हटलं १७७६. "अठ्ठेचाळीस वर्षं आधी. बरं तर मग." जणू त्यांना पुढचा नंबर देऊन टाकला. राज्यघटनेचे पहिले तीन शब्द कोणते, हा प्रश्न तर तिला पडल्या पडल्या आला. 'वुई द पीपल'. आपली उद्देशिकाही 'आम्ही भारताचे लोक' अशीच सुरू होते. मार्टिन ल्यूथर किंगांनी काय केलं, या प्रश्नाला मी तिला सांगितलं की ते १९५९ मध्ये भारतात येऊन गेले, गांधीजींना गुरुस्थानी मानत. झालं. पुढचा अर्धा तास १९२४ च्या बेळगाव काँग्रेसवर. गांधीजींनी आयुष्यात एकाच काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं ते आपल्या गावात, आणि त्या वेळी खणलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे, हे अक्का त्या अधिकाऱ्याला सांगणार होती. मी म्हटलं, बाई, तो विचारील तेवढंच सांग.

आणि हा प्रश्न तर आपल्यासाठीच काढलेला: मेक्सिकोच्या सीमेवरच्या एका राज्याचं नाव सांगा. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास. "तिथं पण सीमाभाग आहे होय!" अक्काला फार बरं वाटलं.

हे सगळं चाललेलं असताना मी एक दिवस तिला भगतसिंग थिंद यांची हकिगत सांगितली. परीक्षेत ती नाही, पण असायला हवी होती असं माझं मत. हे पंजाबचे गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं. तेव्हाचा कायदा असा, की परदेशातून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिक होता येई. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की भारतीय माणूस या कायद्याच्या अर्थानं गोरा नव्हे, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आधी मिळालेली नागरिकत्वंसुद्धा काढून घेतली गेली. १९४६ मध्ये कायदा बदलला, तेव्हा कुठं भारतीयांना नागरिक होण्याची वाट मोकळी झाली आणि वर्षाला शंभर भारतीयांना देशात येऊ देऊ असं ठरलं. शंभर! अक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे परीक्षा तरी घेतात हे बरंच म्हणायचं."

इंग्रजी वाचनात तीन वाक्यांपैकी एक नीट वाचायचं, लेखनात तीनपैकी एक ऐकून लिहायचं. शब्दांची यादी मिळते. फेब्रुवारीनं अक्काला रडवलं. त्यातला पहिला 'र' कुणी घातला आणि का, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पण अर्थ कळत असेल तर स्पेलिंगची बारीकसारीक चूक चालते. हल्ली लिहायचं असतं ते काचेच्या पाटीवर, प्लास्टिकच्या पेननं. ते पेन निसटतं. नातीच्या टॅबवर आजीनं महिनाभर गिरवलं तेव्हा अक्षर बसलं.

राहिला बोलण्याचा भाग, आणि तिथंच आम्ही आपटलो.

बोलण्याची परीक्षा म्हणून काही वेगळी नसते. अधिकारी तुमचा अर्जच पुढं घेतो आणि त्यातलं एकेक विचारत जातो. नाव, पत्ता, इथं कशानं आलात. मग 'हो-नाही'चे प्रश्न. कधी अटक झाली होती का? कधी खोटं सांगून मतदान केलंत का? अमक्या तमक्या संघटनेत होता का? साध्या माणसाचं उत्तर सगळ्यांना 'नो'. आणि शेवटी चारपाच असे, की ज्यांना 'येस' म्हणायचं. राज्यघटना मानता का? शपथ घ्यायची तयारी आहे का? कायद्यानं सांगितलं तर देशासाठी 'बेअर आर्म्स' कराल का?

हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा अक्काला वाटलं अस्वलाचे हात. नातीनं तिला बेअर म्हणजे अस्वल शिकवलं होतं आणि आर्म्स म्हणजे दंड हे डॉक्टरकडं इंजेक्शन घेताना ती शिकली होती. चूक कुणाची म्हणणार? आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडून सूनबाई बघायला आली.

आणि हसून मी पुढं गेले. ती माझी चूक. शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याऐवजी मी तिला युक्ती शिकवली: "हे बघ अक्का, पहिले सगळे नो, शेवटचे सगळे येस. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत जा." तीस वर्षांची सवय. पोरांना 'राज्यघटना कधी अंमलात आली' विचारलं की 'सव्वीस जानेवारी एकोणीसशे पन्नास' एका दमात यायचं. 'राज्यघटना म्हणजे काय' हे विचारायचं राहून जायचं, कारण पोर्शन संपवायचा असे. शंभर टक्के निकाल लागायचा आणि मी खूश.

सप्टेंबरच्या मध्यात बोलावणं आलं. अक्का इरकल साडी नेसून गेली. नागरिकशास्त्राचे सहा प्रश्न विचारले, सहाच्या सहा बरोबर. वाचन झालं, लेखन झालं. मग अधिकाऱ्यानं अर्ज उघडला. तरुण मुलगा होता, चांगला बोलत होता. पण त्यानं क्रम मोडला. दोन 'नो' झाल्यावर मधेच विचारलं, राज्यघटनेला तुमचा पाठिंबा आहे ना? अक्काचा अंगठा तिसऱ्या पेरावर. "नो सर."

त्यानं मान वर केली, परत सावकाश विचारलं. अक्का ठाम. "नो सर."

मग त्यानं 'ओथ' म्हणजे काय ते सांगा म्हटलं. अक्का गप्प. अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी चुकतंय एवढं तिच्या लक्षात आलं, आणि आता 'येस' सुरू झालं असावं असं समजून तिनं पुढच्या प्रश्नाला मोठ्यानं 'येस सर' म्हटलं. तो प्रश्न होता, कधी अटक झाली होती का?

त्यानं हळूच फाईल मिटली. निकालाचा कागद हातात दिला. इंग्रजीत नापास, साठ ते नव्वद दिवसांत पुन्हा बोलावू, फी पुन्हा नाही. (ही फी ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर, कागदावर भरला तर ७६०. दोन्ही खेपा तेवढ्यातच. दुसऱ्या खेपेला नापास झालं तर मात्र अर्ज नामंजूर, परत पहिल्यापासून.)

त्या रात्री, म्हणजे आमच्या सकाळी, फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मीच केला. अक्का म्हणाली, "होगली बिडु. ह्या वयात कशाला पाहिजे हे?" आणि मग, जरा थांबून, "पोराला रजा काढायला लागली गं. परत येताना गाडीत एक शब्द बोलला नाही."

मी तिला सांगितलं, तू नापास झाली नाहीस, मी झाले. मग नव्यानं शाळा भरवली. नियम एकच केला: शब्दाचा अर्थ आधी आपल्या भाषेत, मराठीत नाहीतर कन्नडात, तिनं मला समजावून सांगायचा, मग इंग्रजी. 'ओथ'शी आम्ही दोन दिवस होतो. शपथ म्हटलं तर तिला कोर्ट आठवे. मग तीच म्हणाली, "मराठीत आण, कन्नडात आणे. आण घालायची, खोटं बोललं तर देवी बघून घेईल." झालं, ओथ कायमचा बसला. 'एव्हर' म्हणजे जन्मात कधी, यावागादरू. 'अलीजिअन्स' म्हणजे निष्ठा, कन्नडात निष्ठे. आणि 'बेअर आर्म्स' म्हणजे हातात शस्त्र धरणं. "मला? गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं!" मी म्हटलं, लागलंच तर म्हणतात. "मग रायण्णासारखं म्हण की सरळ," अक्का म्हणाली. नंदगडला ज्याला फाशी दिली त्या संगोळ्ळी रायण्णानं हातात तलवार धरली होती, ते बेअर आर्म्स. तो शब्दही बसला.

दुसरी गोष्ट शिकवली ती अशी, की कळलं नाही तर गप्प राहायचं नाही आणि अंदाजानं होय म्हणायचं नाही. 'प्लीज रिपीट' म्हणायचं. अधिकारी पुन्हा विचारतात, शब्द बदलूनही विचारतात, तेवढं त्यांना चालतं. आपल्या बायकांना हे फार जड जातं. मोठ्या माणसानं काही विचारलं आणि आपल्याला कळलं नाही, तर मान हलवायची, ही आपली शिकवण. नवव्या दिवशी अक्कानं मला पहिल्यांदा मधेच थांबवलं आणि म्हणाली, "प्लीज रिपीट. तू फार घाईनं बोलतीस."

नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागं गेली, शाळा साडेसातला भरायला लागली. महिन्याच्या अखेरीस दुसरं बोलावणं आलं. या खेपेला फक्त नापास झालेला भाग घेतात. अधिकारी दुसरी होती, वयस्क बाई. तिनं शपथेबद्दल विचारलं तेव्हा अक्कानं तिला म्हणे सांगितलं, 'ओथ इज प्रॉमिस. गॉड इज लिसनिंग.' व्याकरण जेमतेम, पण बाई हसली आणि पुढच्या प्रश्नाकडं गेली. वीस मिनिटांत पास.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण शपथविधीच्या आदल्या रात्री अक्काचा फोन आला. भाच्यानं तिला शपथेचा मजकूर मराठीत सांगितला होता. आता तिला अर्थ विचारायची सवय लागलेली! त्यात असं आहे, की आजवर मी ज्या कुठल्या परदेशी राजाची वा राज्याची प्रजा किंवा नागरिक होते, त्याच्यावरची निष्ठा पूर्णपणे सोडून देते.

"परदेशी म्हणजे आपणच की," ती म्हणाली. "आणि आण म्हणजे आण. देवी ऐकते म्हणून मीच सांगून आलोय त्या बाईला."

मला काय बोलावं सुचेना. मी काहीतरी सांगितलं, की ते कायद्याचे शब्द आहेत, माणसं सुटत नाहीत वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "१९५६ च्या चैत्रात माझा जन्म. तेव्हा आपण मुंबई राज्यात. नोव्हेंबरात म्हैसूर राज्यात गेलो, मी पाळण्यात होतो. सतरा वर्षांची झाले तेव्हा कर्नाटक झालं. पासपोर्टावर बेलगाम आहे, २०१४ पासून बेळगावी. घर तेच, परड्यातली विहीर तीच. कुणी आपल्याला उभं करून हात वर करा म्हटलं नव्हतं. आणि आता मीच हात वर करायला निघालोय." पुन्हा थोडं थांबून, "दादा गेला तेव्हा मी इथं होतो. सोडणं ते होतं बघ. हे काय, कागद."

दुसऱ्या दिवशी तिनं हात वर केला. ग्रीन कार्ड परत घेतलं, प्रमाणपत्र दिलं, एक छोटा झेंडा दिला. मी विचारलं, शपथ घेताना मनात काय आलं? "काही नाही. समोरच्या बाईचं पोरगं रडत होतं, त्याच्याकडं बघत होतो."

यापुढचं काम किचकट, पण सांगून ठेवते. नागरिकत्व मिळालं की भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, तो रीतसर परत करून त्याचा दाखला घ्यायचा आणि मग ओसीआयचा अर्ज करायचा. ओसीआयवर मत देता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली मात्र राहते, त्यामुळं भावजींची धारवाडजवळची दोन एकर तिच्याच नावावर आहे. मतदार यादीतलं नाव काढायला सात नंबरचा फॉर्म. तो मी भरला. अक्कानं आजवर एकही निवडणूक चुकवलेली नव्हती. इकडं असताना भर उन्हात रांगेत उभी राहायची, आणि घरातल्या कुणालाही कधी कळू दिलं नाही की मत कुणाला दिलं.

एक गोष्ट मला कायदा चाळताना सापडली ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. उलट बाजूनं, परदेशी माणसाला भारताचा नागरिक व्हायचं असेल, तर आपल्या कायद्याची अट अशी, की राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक तरी भाषा त्याला पुरेशी यायला हवी. बावीस भाषा आहेत. कुणी परदेशी माणूस बेळगावात राहून मराठी शिकला तरी चालेल, कन्नड शिकला तरी चालेल. अक्काला हे सांगितलं. "मला दोन येतात," ती म्हणाली.

सध्या अक्का इथंच आहे. कॅलेंडर कोरं आहे. आल्याच्या आठवड्यात शेजारच्या अव्वा भेटायला आल्या. त्यांचा मुलगा टेक्सासला, त्यांच्या ग्रीन कार्डाची पाच वर्षं होत आलीत, चार महिन्यांसाठी आल्यात आणि त्याही तारखा खोडतायत. त्यांना नवे १२८ प्रश्न. त्या दिवसापासून रोज दुपारी आमच्या व्हरांड्यात कन्नडातून शाळा भरते. मी आत चहा टाकत असते. काल ऐकलं, अक्का त्यांना दरडावून सांगत होती, नो कधी आणि येस कधी हे पाठ करायचं नाही, आधी प्रश्न ऐका. आणि अव्वा विचारत होत्या, "ते सगळं खरं, पण हे अस्वल मधेच कुठनं आलं?"